नकाशावर ‘उघडे’, जागेवर कुलूप: बडोद्यात दुकान चालू आहे का, हे निघण्याआधी कसं तपासायचं

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आत्याच्या पेटीचा भाता गेला. आषाढी एकादशी तोंडावर आलेली, भजनाला रोज सात-आठ बायका जमायच्या, आणि पेटीतून सूर उमटायच्या आत हवाच निघून जायची. मी फोनवरच्या नकाशात ‘हार्मोनियम दुरुस्ती’ टाकलं. मांडवीजवळच्या एका गल्लीतलं दुकान वर आलं. नावाखाली हिरव्या अक्षरांत ‘उघडे’, रात्री आठपर्यंतची वेळ, चारच्या वर तारे. मी आत्याला मांजलपूरहून रिक्षात बसवून दिलं. शहात्तर वर्षांची बाई, मांडीवर चादरीत गुंडाळलेली पेटी. पोचली तर शटर खाली. पाऊण तास ती शेजारच्या ओटल्यावर पेटी धरून बसून राहिली, कारण मीच तिला फोनवर सांगत होते की नकाशात उघडं दाखवतंय, जेवायला गेले असतील, येतीलच.

शेवटी शेजारच्या सुतळी-दोरीच्या दुकानातले काका तिला म्हणाले, ‘बेन, ए तो त्रण वरसथी घेर ज बेसे छे.’ पेटीवाले तीन वर्षांपासून वाघोडिया रोडला आपल्या घरूनच काम करतात. काकांनी नंबर दिला, दुसऱ्या दिवशी भाता बदलून मिळाला, एकादशीचं भजनही झालं. पण त्या ओटल्यावरच्या पाऊण तासाची रुखरुख मला अजून आहे. मी हिरवं अक्षर पाहिलं आणि पुढे काहीच विचारलं नाही.

आमच्या भागात एकटे राहणारे बरेच ज्येष्ठ आहेत. त्यांच्यासाठी मी एक यादी ठेवते: औषधं घरपोच देणारे, घरी येऊन रक्त तपासायला नेणारे, डबेवाल्या ताई, नळवाले, व्हीलचेअर भाड्याने देणारे, चष्म्याची काडी बसवून देणारे. पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असलेली मुलंही हीच यादी वापरतात. दर दोन-चार महिन्यांनी तीच तक्रार येते: ‘तुमच्या यादीतलं दुकान बंद आहे, नकाशात तर उघडं होतं.’ त्यातून मी काय काय शिकले आणि आता कोणत्या क्रमाने तपासते, ते इथे लिहिते आहे.

एका प्रश्नात तीन प्रश्न

‘उघडं आहे का?’ असं आपण विचारतो तेव्हा त्यात तीन गोष्टी दडलेल्या असतात. हा धंदा अजून चालू आहे का? असला तर याच जागी आहे का? आणि याच जागी असला तर आत्ता, या तासाला, गल्ल्यावर माणूस आहे का?

नकाशातलं ‘उघडे’ फक्त तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं, आणि तेही घड्याळ पाहून. कुणीतरी कधीतरी ‘सकाळी १० ते रात्री ८’ अशी वेळ भरून ठेवली. आत्ता दुपारचे चार वाजलेत. म्हणून हिरवं अक्षर. ते अक्षर उमटायच्या आधी दुकानासमोर जाऊन कुणी बघून आलेलं नसतं. माझ्या पेटीच्या प्रकरणात धंदा व्यवस्थित चालू होता, फक्त दुसरा प्रश्न चुकला होता. पहिला चुकला की आपण म्हणतो ‘दुकान उठलं’, तिसरा चुकला की म्हणतो ‘आज बसले नाहीत’. तिन्हींचे पुरावे वेगळे आहेत, म्हणून आधी आपला प्रश्न कोणता ते ठरवून घ्या. आणि पुरावा कोणताही हाती आला तरी त्याला पहिली विचारणा एकच करा: तू कधीचा आहेस?

नोंदी शिळ्या का होतात, हे समजलं की राग थोडा कमी होतो. दुकान सुरू करताना नकाशावर नाव टाकायची हौस असते, भाचे-पुतणे मदतीला येतात. बंद करताना माणूस उधाऱ्या, उरलेला माल आणि जागेचं डिपॉझिट यांच्या विवंचनेत असतो. फोन काढून ‘कायमचे बंद’ करायचं त्याला सुचत नाही. शिवाय कित्येक नोंदी मालकांनी केलेल्याच नसतात, कुणा गिऱ्हाइकाने केलेल्या असतात. अशा नोंदीत ‘हा व्यवसाय तुमचा आहे का’ अशा अर्थाची ओळ दिसते. ती दिसली की त्या वेळांवर विश्वास ठेवू नका. त्या मालकाने भरलेल्या नाहीत.

बडोद्याची स्वतःची एक अडचण आहे. शहराचं नाव १९७४ मध्ये अधिकृतपणे वडोदरा झालं, पण युनिव्हर्सिटीच्या नावात अजून ‘बरोडा’ आहे आणि आपण घरात बडोदाच म्हणतो. त्यामुळे एकाच दुकानाच्या दोन नोंदी सर्रास सापडतात. एक जुनी, जुन्या फोनसकट, दुसरी नवी. पहिली जी दिसेल ती उघडू नका. नाव बरोडा आणि वडोदरा अशा दोन्ही तऱ्हांनी आणि गुजराती लिपीतही शोधून बघा.

आणि जागा तर या शहरात हलतच असतात. न्यायमंदिराची १८९६ सालची इमारत डोळ्यांसमोर आणा. तिथलं कोर्ट २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेलं. कोर्ट हललं की नोटरी, टायपिंगवाले, स्टॅम्पवाले, झेरॉक्सवाले सगळेच त्याच्यामागे हलतात. आमच्या शेजारच्या आजोबांना पेन्शनच्या कागदासाठी नोटरी हवा होता, नकाशाने त्यांना न्यायमंदिराजवळच्या सूरसागर तलावाकडेच पाठवलं. नोटरीसाहेब तिथून कधीच हलले होते.

फोन: काय ऐकू येतं, त्याचा अर्थ काय

सर्वांत लवकर उत्तर फोननेच मिळतं, पण फोन लागला नाही म्हणजे दुकान उठलं, असं धरू नका.

घंटी वाजते आणि कुणी उचलत नाही, असं दुपारी एक ते चारच्या मध्ये झालं तर त्याला काही अर्थ नाही. जुन्या शहरातली कितीतरी दुकानं त्या वेळात अर्धं शटर ओढून ठेवतात. सकाळी अकराला किंवा संध्याकाळी सहाला पुन्हा करा. ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ ऐकू आलं तर फक्त नंबर गेला एवढंच कळतं. लँडलाइन काढून टाकलेली चांगली चालती दुकानं मला माहीत आहेत. पाटीचा जुना फोटो असेल आणि त्यावर सहाच आकडे असतील तर त्याआधी २ लावा आणि सुरुवातीला ०२६५. मी असे दोन नंबर जिवंत सापडवले आहेत.

तिसराच कुणी उचलतो, तेव्हा चिडू नका. मोबाइल नंबर बंद झाला की किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. त्या बिचाऱ्याला रोज कुणीतरी ‘डबा मिळेल का’ म्हणून विचारत असतं. माफी मागा आणि तो नंबर नकाशातून काढायची सूचना त्याच दिवशी टाका, त्याचाही त्रास वाचेल.

व्हॉट्सॲपवर साधा निरोप टाकून ठेवला तर दोन टिकांवरून फोन चालू आहे हे कळतं. तीन-चार दिवस एकच टिक राहिली तर नंबर सुटलेला असण्याची शक्यता वाढते. नक्की काहीच नाही, पण दुसऱ्या पुराव्याला जोड मिळते.

फोन लागल्यावर काय विचारायचं, हे मी उशिरा शिकले. पूर्वी मी सरळ विचारायची, ‘तमे बंध करी दीधुं छे?’ (तुम्ही बंद केलंत का?) सकाळच्या बोहनीच्या वेळी कुणाला हा शब्द ऐकायला आवडेल? आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. आणि रात्री दुकानसुद्धा ‘वाढवतात’. बंद हा शब्द तोंडावर आणायचा नाही, ही रीत मराठी घरात आहे तशीच गुजराती पेढीवरही आहे. आता मी विचारते, ‘केटला वाग्या सुधी बेसो छो?’ (किती वाजेपर्यंत बसता?) आणि लगेच, ‘ए ज जग्याए ने?’ (त्याच जागी ना?) दोन वाक्यांत तिन्ही प्रश्नांची उत्तरं येतात. ‘ना बेन, हवे तो अमे पाणीगेट बाजु’ (नाही, आता आम्ही पाणीगेटकडे) असं समोरून आपणहून सांगितलं जातं. पत्ता लिहून घेताना जवळची खूणही विचारा: कोणत्या पोळाच्या (जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीच्या वस्तीच्या) तोंडाशी, कोणत्या मंदिरासमोर. पोळांमध्ये नकाशाची खूण एका गल्लीने सरकलेली असते आणि ती एक गल्ली म्हाताऱ्या माणसाला फार लांब पडते.

दुकानाचा फोन अजिबातच लागला नाही तर माझा आवडता उपाय: शेजारच्या दुकानाला फोन करा. नकाशावर बोट थोडं सरकवलं की डावी-उजवीकडची दुकानं दिसतात. ज्याच्यावर गेल्या महिन्यातला अभिप्राय आहे असं एखादं निवडा आणि विनंती करा: ‘भाई, तुमच्या बाजूला चष्म्याचं दुकान आहे, ते बसतात का हल्ली?’ मला आजवर कुणी झिडकारलेलं नाही. उलट दुकान कधी उठलं, मुलगा आता कुठे असतो, कारागीर कुठे कामाला लागला, इतकं सगळं कळतं. सुतळीवाल्या काकांना मी आधी फोन केला असता तर आत्याची फेरी वाचली असती.

फोनशिवाय: तारखा कुठे सापडतात

परदेशातल्या मुलांना वेळेच्या फरकामुळे फोन जमत नाही. त्यांच्यासाठी हा भाग.

अभिप्राय ‘सर्वात नवीन’ या क्रमाने लावा. आपोआप वर येतात ते अनेकदा चार-पाच वर्षांपूर्वीचे, लांबलचक आणि कौतुकाचे असतात, त्यांचा आपल्या कामाला उपयोग नाही. तारे मोजू नका, मजकूर वाचा. ‘दोनदा गेलो, बंद होतं’ अशी एक ओळ गेल्या दोन महिन्यांतली असेल तर ती शंभर जुन्या कौतुकांपेक्षा वजनदार. पण काही जण नकाशावरचे गुण मिळवण्यासाठी जुन्या भेटींचे अभिप्राय एकदम बसून लिहितात. म्हणून ‘छान दुकान’ एवढंच लिहिलेलं असेल तर मी ते धरत नाही. ‘काल भाता बदलून घेतला’ असं काही असेल तर धरते. मालकाने कुणाला उत्तर दिलं असेल तर त्याची तारीख पाहा; त्या दिवशी मालक नोंदीकडे बघत होता, एवढं तरी पक्कं.

फोटो बघताना माल बघू नका, भिंत बघा. गल्ल्यामागे लटकलेलं तारखेचं दिनदर्शिकेचं पान, कापडाच्या दुकानात लावलेली भावाची पाटी, दारावरचं तोरण. एका लोणच्यांच्या दुकानाच्या ‘नव्या’ फोटोत मागच्या कॅलेंडरवर मला तीन वर्षांपूर्वीचं साल दिसलं होतं. फोटो आत्ता चढवला म्हणजे आत्ता काढला, असं नसतं.

रस्त्यावरून काढलेली चित्रं, म्हणजे स्ट्रीट व्ह्यू, भारतात २७ जुलै २०२२ ला पुन्हा सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या दहा शहरांत आपलं बडोदा होतं. चित्रासोबत महिना आणि साल लिहिलेलं असतं आणि काही ठिकाणी मागच्या तारखांची चित्रंही बघता येतात. आज दुकान उघडं आहे का, हे त्यावरून कळणार नाही. पण ‘त्या महिन्यात ही पाटी इथे होती’ किंवा ‘त्या महिन्यातच इथे दुसरी पाटी होती’ हे स्वच्छ कळतं. पाटीवरचा फोन नंबरही कधी कधी वाचता येतो. पोळांच्या आत मात्र ही गाडी शिरलेली नसते.

मोठं दुकान, एजन्सी, कॅटरर, वैद्यकीय साधनं पुरवणारे असे कुणी असतील आणि आगाऊ पैसे द्यायचे असतील, तर मी जीएसटी तपासते. नियमाप्रमाणे जीएसटीचा नंबर दुकानाच्या पाटीवर असावा लागतो, आणि जुन्या बिलावर तर असतोच. पंधरा अक्षरी असतो आणि गुजरातचा असेल तर सुरुवात २४ ने होते. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर लॉगिन न करता ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये तो टाकला की नोंदणी ‘ॲक्टिव्ह’ आहे की ‘कॅन्सल्ड’, धंद्याची मुख्य जागा कोणती आणि विवरणपत्रं शेवटची कधी भरली, हे दिसतं. या शेवटच्या तारखेसाठीच मी तिथे जाते. नोंदणी ‘ॲक्टिव्ह’ पण वर्षभर एकही विवरणपत्र नाही, असं दिसलं तर पैसे पाठवण्याआधी मी एखाद्या माणसाला प्रत्यक्ष जाऊन यायला सांगते. नुसता माल विकणाऱ्यांना वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्यांना २० लाखांपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही, त्यामुळे पेटीवाले, डबेवाल्या ताई, चष्म्याची काडी बसवणारे इथे सापडणार नाहीत. खाण्याच्या दुकानांच्या बिलावर १ जानेवारी २०२२ पासून चौदा आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक छापावा लागतो. परवाना चालू आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर बघता येतं.

दुकान आहे, पण आज नाही

दर दिवाळीनंतर माझा फोन सर्वांत जास्त वाजतो. बडोद्यात नव्याने आलेल्या सुनांना आणि बाहेरून फोन करणाऱ्या मुलांना हे माहीत नसतं: लक्ष्मीपूजन झाल्यावर इथल्या बऱ्याच पेढ्या लाभपंचमीलाच (कार्तिक शुद्ध पंचमी) पुन्हा सुरू होतात. मधले दिवस शटर खाली. नकाशा मात्र नेहमीच्या वेळा दाखवत राहतो, फार तर सणामुळे वेळ वेगळी असू शकते अशी ओळ खाली टाकतो. मालकाने सणाच्या वेळा वेगळ्या भरल्या असतील तरच त्यावर अवलंबून राहा. औषधांचं दुकान सोडून बाकी सगळं लक्ष्मीपूजनाच्या आधी किंवा लाभपंचमीच्या नंतर ठरवा. उत्तरायणाचंही तसंच: १४ जानेवारीला आणि वासी उत्तरायण म्हणून १५ लाही सगळे गच्चीवर, दुकानात कुणी नाही. आत्याच्या मोतीबिंदूच्या थेंबांची बाटली मी १३ तारखेलाच आणून ठेवते.

नवरात्रात संध्याकाळी लवकर वाढवतात. गणपती विसर्जनाच्या दिवशी मांडवी आणि न्यायमंदिराकडचे रस्तेच बंद असतात, दुकान उघडं असून रिक्षा पोचत नाही. साप्ताहिक सुट्टी एका गल्लीची एक, दुसरीची दुसरी. नकाशात ती क्वचितच बरोबर असते, म्हणून फोनवर विचारून यादीत लिहूनच ठेवा.

‘तात्पुरते बंद’ या पाटीबद्दल वेगळं सांगायला हवं. २०२० च्या टाळेबंदीत ती पाटी सगळीकडे लागली आणि काही नोंदींवर नंतर कित्येक महिने राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, समा, अकोटा, मुजमहुडा, फतेगंज भागांत पाणी शिरलं, तेव्हा पुन्हा तेच झालं. चिखल उपसून, फर्निचर बदलून दुकानं सुरू झाली आणि नोंद मात्र ‘तात्पुरते बंद’वरच राहिली. पुराने आधीच मार खाल्लेल्या माणसाचं गिऱ्हाईक त्या पाटीने आणखी तुटतं. म्हणून अशी पाटी दिसली तर दुकान सोडून देऊ नका, फोन करा.

शटर वाचायला शिका

कुणी त्या बाजूला जाणारच असेल तर त्याला सांगा, शटर खाली दिसलं तरी दोन मिनिटं थांब आणि बघ.

कुलूप हातात घे. रोज उघडणाऱ्या कुलपाची किल्लीची भोकं घासून चकाकतात, बंद दुकानाच्या कुलपावर धुळीचा थर आणि कडीला गंज. शटरच्या फटीत बघ: जाहिरातीचे कागद, लाइटबिल, कुरिअरच्या चिठ्ठ्या सरकवून साठल्या असतील तर आतून कुणी उचललेल्या नाहीत. उंबऱ्यावर हळदकुंकू आहे का. आणि वर लिंबू-मिरची बघ. आपल्याकडची दुकानं शनिवारी नवी बांधतात. लिंबू पिवळं, मिरच्या हिरव्या असतील तर दुकान गेल्या आठवड्यात नक्की उघडलं होतं. लिंबू तपकिरी होऊन आकसलं असेल, मिरच्या दोऱ्यावर काळ्या पडल्या असतील, तर दोन-तीन शनिवार कुणी आलेलं नाही. पेटीवाल्यांच्या त्या शटरवर नुसता दोरा होता. आत्याने मला घरी आल्यावर सांगितलं. तिने ते पोचल्या पोचल्या पाहिलं होतं, पण मी फोनवर ‘उघडं दाखवतंय’ म्हणत होते म्हणून ती काही बोलली नाही. इतक्या वर्षांत तिने दांडिया बाजार, रावपुऱ्यातली किती दुकानं उघडताना आणि उठताना पाहिली आहेत; तिच्या नजरेपेक्षा मी फोनवर विसंबले, हे मला जास्त लागलं.

शटरवर ‘भाड्याने देणे’ किंवा नव्या जागेचा पत्ता असलेला कागद असेल तर त्याचा फोटो काढून आणा. पुढच्या कामाला लागतो.

कळल्यावर नकाशा दुरुस्त करा

हे काम मालक करेल म्हणून वाट बघू नका. दुकानाच्या नोंदीत ‘संपादन सुचवा’ असं बटण असतं. तिथे दोन वाटा दिसतात: नाव, पत्ता, वेळ बदलणं, किंवा ठिकाण बंद करणं अथवा काढणं. कोणती वाट धरायची, यात चुका होतात, म्हणून माझ्या अनुभवातून सांगते.

धंदा खरोखर संपला असेल तरच ‘कायमचे बंद’ करा. फक्त जागा बदलली असेल तर ‘दुसरीकडे हलवलं’ हे निवडा आणि नवी जागा द्या. नाहीतर चालत्या माणसाला आपण मेलेला ठरवतो. एका जागी जुनं दुकान जाऊन दुसऱ्याच मालकाचं नवं आलं असेल तर जुन्या नोंदीचं नाव बदलू नका. जुनी बंद करा, नवी वेगळी करा. नाहीतर मिठाईवाल्याचे अभिप्राय मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या खाती जातात. भाऊ वेगळे होऊन एकाच नावाची दोन दुकानं झाली असतील तर दोघांशी बोलल्याशिवाय काहीच करू नका. आम्ही घाईत एकाची नोंद मिटवली होती, ती चूक निस्तरायला तीन आठवडे गेले.

सूचनेसोबत शटरचा, नव्या पाटीचा फोटो जोडा. एकाच माणसाची सूचना कधी कधी अडकून राहते. त्याच गल्लीतल्या आणखी दोघांना विनंती करा.

उलट प्रकारही होतो: दुकान छान चालू आणि नकाशावर लाल अक्षरांत ‘कायमचे बंद’. आमच्या ओळखीच्या एका शिंपीणबाईंच्या बाबतीत झालं. गिऱ्हाईक कमी का झालं, हे त्यांना दोन महिने कळत नव्हतं. त्यावर उपाय मालकाकडेच असतो: नोंद स्वतःच्या नावावर करून घेणं, पडताळणीचं काम पूर्ण करणं आणि दुकान पुन्हा उघडं म्हणून दाखवणं. मी त्यांच्या शेजारी बसून ते करून दिलं. तुमच्या ओळखीत असे छोटे कारागीर असतील तर एक दुपार त्यांना द्या.

ज्यांना हवं असेल त्यांनी ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनी मिळून भरलेला खुला नकाशाही सुधारावा. अँड्रॉइड फोनवर ‘स्ट्रीटकम्प्लीट’ नावाचं ॲप आहे. तुम्ही जिथे उभे असाल तिथल्या दुकानाबद्दल ते ‘हे अजून इथे आहे का?’ असं विचारतं, आणि तुम्ही दिलेल्या उत्तराची तारीख जपून ठेवतं. नियम एकच: दुसऱ्या नकाशावरून उचलून तिथे काही भरायचं नाही, स्वतः पाहिलेलंच भरायचं.

यादीत दोन रकाने जास्त

माझ्या यादीत पूर्वी नाव, पत्ता, फोन एवढंच होतं. आता दोन रकाने वाढवलेत: ‘खात्री कधी’ आणि ‘खात्री कशी’. ‘कशी’मध्ये प्रत्यक्ष, फोनने, शेजाऱ्याकडून, किंवा नुसतं नकाशावरून, यांपैकी एक लिहिते. नुसतं नकाशावरून लिहिलेलं नाव मी कुणाही ज्येष्ठाला देत नाही.

सगळ्यांना एकच मुदतही लावत नाही. औषधांची दुकानं वर्षातून एकदा तपासली तरी चालतं. डबे देणाऱ्या घरगुती बायका, घरी येणारे मदतनीस, नळवाले, यांचं दर महिन्याला बघावं लागतं. कुणाची प्रकृती, कुणाच्या घरचं लग्न, काम थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. दुरुस्ती करणारे जुने कारागीर मी दर तीन महिन्यांनी फोन करून विचारते, कारण त्यांच्यापैकी एक गेला तर त्याच्या जागी दुसरा सापडत नाही. सूरसागरसमोरच्या संगीत महाविद्यालयाची परंपरा १८८६ पासूनची, आणि त्याच शहरात आता पेटीचा भाता बदलणारा माणूस शोधायला अर्धा दिवस लागतो.

पेटीवाल्यांना मी विचारलं की नकाशावर तुमच्या घराचा पत्ता टाकू का. ते नको म्हणाले, घरात नातवंडं आहेत, कुणीही केव्हाही येऊन उभं राहायला नको. पत्ता न दाखवता फक्त भाग आणि फोन दाखवायची सोय मालकाला असते, तशी त्यांची नोंद करून घेतली आणि मांडवीची जुनी खूण हलवल्याचं कळवलं. नऊ दिवसांनी ते मंजूर झालं. यादीतली त्यांची ओळ आता अशी आहे: पेटी दुरुस्ती, वाघोडिया रोड, घरून काम, आधी फोन करणे, दुपारी चारनंतर, लाभपंचमीपर्यंत दिवाळीत नाही, खात्री जुलैमध्ये, प्रत्यक्ष, आत्या.